विगिलियाची सुट्टी नेमकी कोणाला मिळाली?

पोलंडमध्ये 24 डिसेंबर हा दिवस 2025 पासून कायद्याने सुट्टीचा झाला. सेयममध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, नोव्हेंबर 2024 मध्ये बिल पास झालं, मग तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आंद्झेय दुदा यांची सही झाली आणि वर्षाच्या सरकारी सुट्ट्या 13 च्या 14 झाल्या. घरी फोनवर हे सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो, अगं इतका कॅथलिक देश आणि ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सुट्टीच नव्हती? नव्हती. 25 ला होती, 26 ला होती, 24 ला शाळा बंद असायच्या पण नोकरीवरच्या माणसाला कामावर जावं लागायचं. आणि पोलिश माणसाला तुम्ही विचारलंत की वर्षातला सगळ्यात मोठा दिवस कुठला, तर तो 25 तारीख क्वचितच सांगेल, तो 24 ची संध्याकाळ सांगेल. तिला विगिलिया म्हणतात.

मी व्रोत्सवाफला राहते, आयटीत आहे, आणि या सुट्टीवरून इथे जो वाद झाला तो ऑफिसात, शेजाऱ्यांकडे, टीव्हीवर भरपूर ऐकला. माझं मत सरळ आहे. सुट्टी दिली ते शंभर टक्के बरोबर केलं. पण जी माणसं सुट्टी मागूच शकत नव्हती त्यांच्यासाठी ती दिली असं सांगितलं गेलं, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांपर्यंत ती अजून नीट पोचलेली नाही, आणि ते पोचवणं हे सरकारचंही काम आहे आणि घरातल्या माणसांचंही.

आधी विगिलिया म्हणजे काय ते थोडं सांगते, नाहीतर वाद कळणार नाही. हा दिवस चर्चपेक्षा घराचा जास्त आहे. रात्री बारा वाजता पास्तेर्का म्हणून मोठी प्रार्थना असते, तिला लोक जातात, पण दिवसाचा गाभा जेवणाच्या टेबलावर आहे. पांढऱ्या टेबलक्लॉथखाली थोडं वाळलेलं गवत पसरतात, येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून. आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं, त्यामुळे घरातली पोरं चार वाजल्यापासून खिडकीला नाक लावून उभी असतात, कारण डिसेंबरात इथे चारच्या आसपास अंधारच पडतो. जेवणात बारा पदार्थ, मांस नाही. चर्चची सक्ती आता राहिलेली नाही तरी घरोघरी मांस करत नाहीत म्हणजे नाहीतच. बीटाचं आंबट सार आणि त्यात मशरूम भरलेल्या छोट्या उश्का, कोबी-मशरूमच्या प्येरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या, हेरिंग मासा, कार्प मासा, सुक्या मेव्याचं धुरकट वासाचं सरबत, खसखशीचा रोल, आणि पूर्वेकडच्या घरांमध्ये गहू, खसखस आणि मध घालून केलेली खीर.

पण या सगळ्याच्या आधी ओप्वातेक. कागदासारखी पातळ, पांढरी, चव नसलेली वेफर असते, तिच्यावर येशूजन्माचं चित्र उठवलेलं असतं. प्रत्येकाच्या हातात एक. मग घरातला प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकासमोर जाऊन उभा राहतो, त्याच्या ओप्वातेकचा छोटा तुकडा मोडून खातो, आपला त्याला मोडू देतो, आणि डोळ्यात बघून त्याच्यासाठी काय मागायचं ते बोलतो. एकदम सगळ्यांना शुभेच्छा देऊन सुटका नाही, प्रत्येकाला वेगळं. आपल्याकडे तिळगूळ देताना गोड बोला म्हणतो ना तसंच, फक्त इथे ते गोड बोलणं तिथल्या तिथे, समोरासमोर करावं लागतं. वर्षभर धुसफूस असलेले भाऊ, सासू-सून, वयात आलेला मुलगा आणि त्याचा बाप, सगळे या दोन-तीन मिनिटांतून जातात आणि बऱ्याचदा कोणीतरी रडतंच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कळलं की हे लोक या एका संध्याकाळीसाठी दोन हजार किलोमीटर गाडी चालवत का येतात.

1981 च्या डिसेंबरात कम्युनिस्ट सरकारचा प्रमुख जनरल यारुझेल्स्कीने मार्शल लॉ लावला, रस्त्यावर रणगाडे होते, रात्रीचा कर्फ्यू होता, फोन बंद होते. तेव्हासुद्धा 24 च्या रात्रीपुरता कर्फ्यू उठवला होता. ज्या सरकारने बाकी सगळ्यावर हात टाकला त्यालाही या रात्रीच्या आड येणं झेपलं नाही. मग लोकशाही आल्यानंतर पस्तीस वर्षं ही सुट्टी का दिली गेली नाही, याचं उत्तर मला तरी एकच दिसतं, ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांना ती आधीपासूनच मिळत होती.

म्हणजे बघा. ऑफिसवाल्यांचं 24 तारखेला काय व्हायचं? इथे नोकरीत दहा वर्षांच्या आत असाल तर वर्षाला 20 दिवस हक्काची रजा, नंतर 26. त्यातली एक रजा टाकली की झालं. नाही टाकली तर बॉस बारा वाजता म्हणायचा, चला निघा घरी, आणि आम्ही निघायचो. आमच्या ऑफिसात 24 ला दुपारी कोणी लॅपटॉप उघडून बसलेलं मी कधी बघितलं नाही. पण सुपरमार्केटच्या कॅशियर बाईला त्याच दिवशी रजा कोण देणार, दुकानात प्रचंड गर्दी, लोक शेवटचा कार्प आणि विसरलेली क्रीम घ्यायला धावतायत. 2018 च्या कायद्याने दुकानं 24 ला दुपारी दोनला बंद करायची हे ठरलं, ते चांगलंच झालं होतं, पण दोनला शटर, मग हिशोब, साफसफाई, मग बस, आणि चारला चांदणी. त्या दोन तासांत तिने बारा पदार्थ कधी करायचे? ती ते आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून करायची, आणि सकाळी सहाला पुन्हा कामावर. त्यामुळे ही सुट्टी सगळ्यांना दिली असं म्हणायचं असलं तरी प्रत्यक्षात ती नव्याने मिळाली ती तिला, ड्रायव्हरला, गोडाऊनमध्ये पॅकिंग करणाऱ्याला. आम्हाला फक्त एक रजा वाचली.

विरोध करणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त आवाज खासदार रिशार्द पेत्रू यांचा होता. अर्थतज्ज्ञ माणूस, त्यांचं म्हणणं की एक दिवस देश बंद म्हणजे अब्जावधी झ्लॉटींचं नुकसान, आणि आधीच सुट्ट्या भरपूर आहेत. 24 डिसेंबर 2024 ला ते स्वतः एका सुपरमार्केटमध्ये कामाला उभे राहिले, बातम्या झाल्या, फोटो आले. मला त्यांच्या मुद्द्याची टिंगल करायची नाही, नुकसानीचा प्रश्न खरा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण 24 तारखेला निम्मं ऑफिस रजेवर आणि उरलेलं निम्मं केक खात बसलेलं असतं हे ज्याने बघितलंय त्याला माहितीये की त्या दिवशी फार काही उत्पादन होत नव्हतंच. आणि एक दिवस स्वेच्छेने काउंटरवर उभं राहणं आणि वर्षानुवर्षं सक्तीने उभं राहणं यात फरक आहे. पेत्रूंना त्या दिवशी घरी जाऊन उश्का वळायच्या नव्हत्या.

माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. पोलंडमध्ये सुट्टी दिली की तिची किंमत गुपचूप कोणाच्या तरी खात्यावर टाकायची सवय आहे. 6 जानेवारीचा तीन राजांचा सण घ्या, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा. कम्युनिस्ट सरकारने 1960 मध्ये ती सुट्टी काढून टाकली, तरी लोक दारावर खडूने तीन राजांची अक्षरं आणि वर्ष लिहितच राहिले, घरात सण चालूच राहिला. 2011 पासून ती सुट्टी परत मिळाली. छान. पण त्याच बदलात असं केलं की सुट्टी शनिवारसारख्या आधीच मोकळ्या दिवशी आली तर तिच्या बदल्यात मिळणारा दिवस आता मिळणार नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. शेवटी घटनात्मक न्यायालयाने 2012 मध्ये ते चूक ठरवलं आणि बदली दिवस परत आला. आता विगिलियाच्या वेळी काय केलं? इथे बहुतेक रविवारी दुकानं बंद ठेवायचा कायदा आहे, फक्त ख्रिसमसच्या आधी दोन रविवारी ती उघडी असायची, ते तीन रविवार केले. म्हणजे 2025 मध्ये 7, 14 आणि 21 डिसेंबर. एका कर्मचाऱ्याला तीनपैकी दोनच रविवारी बोलवता येईल असं कायद्यात लिहिलंय, हे मान्य, पण कामगार संघटना ओरडल्या त्या उगाच नाही. व्यापाऱ्यांना एक दिवस गेला त्याच्या बदल्यात एक दिवस मिळाला, आणि तो मिळाला तो परत त्याच कॅशियर बाईच्या कॅलेंडरमधून. ज्या दुकानात आठजण काम करतात आणि दोनजण आजारी आहेत तिथे "दोनच रविवार" हा नियम धरून बसायची हिंमत किती जणींना होईल? म्हणून मला वाटतं तिसरा रविवार रद्द व्हायला हवा. दिवस द्यायचाच तर सरळ द्या.

छोट्या दुकानांचं अजून वेगळं. बंदीच्या दिवशी मालक स्वतः काउंटरवर उभा राहिला तर दुकान उघडं ठेवता येतं. ऐकायला हे स्वातंत्र्य वाटतं. पण कोपऱ्यावरचं फ्रँचायझी दुकान चालवणारा माणूस काही मोठा शेठ नसतो, बाजूचं दुकान उघडं असेल तर त्यालाही उघडावंच लागतं, आणि मग विगिलियाला तो दुकानात आणि बायको-मुलं घरी चांदणीची वाट बघत.

आता घराच्या आतलं बोलते, कारण कायदा दारापर्यंतच येतो. सुट्टी मिळाली म्हणजे आराम मिळाला असं पुरुषमंडळी गृहीत धरतात. 23 तारखेला मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या आईकडे गेले होते मदतीला. बीट आठवडाभर आधी पाण्यात, लसूण घालून बरणीत आंबवायला ठेवलेलं, त्याचं गडद लाल पाणी त्या गाळत होत्या. सुकी मशरूम त्यांनी स्वतः सप्टेंबरात जंगलातून गोळा करून दोऱ्यात ओवून वाळवलेली, रात्री भिजवून, शिजवून, बारीक चिरून कांद्यावर परतलेली. मग उश्का. कणीक इतकी पातळ लाटायची की खालची फळी दिसायला हवी, बोटभर चौकोन कापायचे, मध्ये नखाएवढं सारण, त्रिकोण करून कडा दाबायच्या आणि दोन टोकं करंगळीभोवती फिरवून चिकटवायची. माझ्या उकलत होत्या, त्यांनी न बोलता त्या उचलून परत वळल्या. माणशी सात-आठ धरल्या तरी बारा माणसांसाठी शंभराच्या आसपास जातात, आणि हा एक पदार्थ. आणि त्या घरात चार पुरुष होते, सगळे प्रेमळ, सगळे कामसू, एकजण झाड सजवत होता, एकजण कार्प साफ करून देऊन टीव्हीसमोर बसला होता, बाकीचे दोघे बाहेर. काकूंना, हो मी त्यांना मनात काकूच म्हणते, विचारलं की उद्या सुट्टी मिळाली आता, काय फरक पडेल? त्या म्हणाल्या, फरक एवढाच की रात्री जागायच्या ऐवजी सकाळी करेन.

हे मला फार लागलं. कारण ही परंपरा टिकवली कोणी, ते बघा ना. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे म्हणून गाव आहे, तिथे 1943 ते 1948 मध्ये जवळजवळ पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. 1940-41 मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना घरातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानकडे टाकलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ते भारतात आले. त्यातल्या बहुतेक सगळ्या बायका आणि मुलं, कारण पुरुष लढाईवर किंवा मेलेले. त्यांनी तिथे चर्च केलं, शाळा काढल्या, स्काउटची पथकं काढली, आपले सण केले. पंचगंगेच्या काठच्या गावात डिसेंबरात बर्फ नाही, देवदार नाही, घरातला कर्ता माणूस नाही, आणि तरी विगिलिया पुढच्या पिढीपर्यंत गेली ती त्या बायकांनी नेली म्हणून. पुढे त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित वसले, आजचं गांधीनगर. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्या पोलिश लोकांचं स्मारक आहे आणि इकडे वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे फुलं वाहिली तेव्हा बऱ्याच पोलिश सहकाऱ्यांनी मला विचारलं की हे कोल्हापूर म्हणजे कुठे. मी सांगितलं, आणि मला अभिमान वाटला. पण त्या बायकांचा सन्मान दगडावर करायचा आणि त्यांच्या नाती-पणतींनी मात्र अजूनही एकटीनेच शंभर उश्का वळायच्या हे मला पटत नाही.

परंपरा आहे, असंच चालत आलंय, असं कोणी म्हणालं तर त्याला कार्पची गोष्ट सांगावी. आज कार्पशिवाय विगिलिया नाही असं सगळे शपथेवर सांगतात, पण घरोघरी कार्प आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, समुद्रातली मासेमारी मोडून पडली होती आणि तळ्यात वाढवायला हा मासा स्वस्त पडत होता म्हणून. जिवंत कार्प आणून दोन दिवस बाथटबमध्ये ठेवायचा, पोरांनी त्याला नाव द्यायचं, हे सगळं त्याच काळातलं. आता बरेचजण ते क्रूर आहे म्हणून सोडून देतायत. एका पिढीत मासा बदलू शकतो तर लाटणं धरणारा हातही बदलू शकतो, आणि आता तर 24 ची पूर्ण सकाळ सगळ्यांकडे मोकळी आहे, ऑफिसचं कारण संपलं.

धर्माचा मुद्दाही निघाला होता, की आधीच कॅलेंडर कॅथलिक सुट्ट्यांनी भरलंय, त्यात अजून एक कशाला. देवाला न मानणारे माझे दोन सहकारी हे जोरात बोलत होते, आणि ते दोघेही विगिलियाला आईकडे जातात, ओप्वातेक मोडतात आणि कोलेंदा, म्हणजे ख्रिसमसची गाणी, म्हणतात. त्यांना मी म्हटलं की म्हणूनच तर ही सुट्टी चर्चची नाही, घराची आहे. पण त्यांच्या बोलण्यात एक खरं दुखणं होतं. पोडलास्ये प्रांतात, बियाविस्तोकच्या बाजूला, ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचे, पोलिश लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा ख्रिसमस 7 जानेवारीला. त्यांची विगिलिया 6 ला येते, आणि तीन राजांची सुट्टी त्याच दिवशी असल्याने योगायोगाने त्यांना मोकळीक मिळते, पण 7 ला मात्र नाही. 1989 च्या कायद्याने त्यांना सणासाठी कामातून मोकळं व्हायचा हक्क दिलाय, फक्त ते तास नंतर भरून द्यायचे. कॅथलिक माणसाने आपला सण भरून द्यावा असं कोणी कधी म्हणत नाही. घराच्या सणाला सुट्टी हे तत्त्व एकदा मानलं की ते शेजारच्या घरालाही लागू करायला हवं, आणि भरून द्यायची अट काढून टाकणं हे फार अवघड काम नाही.

आणि आता ती रिकामी ताटली. विगिलियाच्या टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक दारात येणाऱ्या पाहुण्यासाठी, वाट चुकलेल्या माणसासाठी. काही घरांत ते गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठीही असतं. ही मला या सणातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते आणि म्हणूनच तिच्याकडून जास्त अपेक्षा आहे. 2021 मध्ये बेलारूसच्या सीमेवरच्या जंगलात थंडीत सीमा ओलांडू पाहणारे निर्वासित अडकले होते, सरकारने सीमा आवळली होती, तेव्हा तिथल्या काही गावकऱ्यांनी खिडकीत हिरवा दिवा लावायला सुरुवात केली, इथे या, खायला आणि ऊब मिळेल अशी खूण. 2022 च्या फेब्रुवारीनंतर लाखो युक्रेनियन आल्या, लोकांनी स्टेशनवरून थेट घरी नेलं, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात कितीतरी घरांत ते जास्तीचं ताट खरंच वापरलं गेलं. म्हणजे पोलिश माणसाला ते ताट कशासाठी आहे ते नीट कळतं.

मग मला विगिलियाच्या संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर पाठीवर चौकोनी बॅग घेऊन सायकल मारणारी आपली पोरं दिसतात. भारतातून, नेपाळमधून, उझबेकिस्तानातून शिकायला किंवा कमवायला आलेली, त्यात मराठी पोरंही आहेत, लातूरचा एकजण माझ्याशी बोललाय. ती नोकरीच्या करारावर नसतात, कामापुरत्या करारावर असतात, त्यामुळे त्यांना पगारी रजा नाही आणि हा नवा सुट्टीचा कायदा त्यांना शिवतही नाही. दुकान बंद करायला लावणारा नियम आहे, जेवण घरी पोचवणाऱ्या ॲपला तो लागू नाही. शहरातले एकटे राहणारे ऑर्डर करतात, ऑर्डर येते म्हणून ॲप चालू राहतं, ॲप चालू म्हणून हा सायकलवर. त्याचा सण दिवाळी आहे, विगिलिया नाही, हे मला माहितीये. पण ज्या रात्री सगळं शहर घरात असतं त्या रात्री त्यालाही उणे पाचात सिग्नलला उभं राहावं लागू नये असं मला वाटतं. दुकानांना दुपारी दोनची वेळ घालून देता आली होती, तशी 24 तारखेला ॲपलाही घालून देता येईल, आणि त्या दिवसाचे पैसे कंपनीने द्यायला हवेत. व्रोत्सवाफमधल्या आम्हा मराठी लोकांचा ग्रुप आहे, गणपतीला आणि दिवाळीला भेटतो. या पोरांपैकी कोणाला जायला घर नसेल तर 24 ला आमच्याकडे जेवायला या असं मी तिथे लिहिलंय, आणि ओळखीच्या पोलिश घरांनाही विचारतेय.